पाळत संपल्यावर तरी कळवा

भारतात सरकारला एखाद्याचा फोन ऐकायचा असेल किंवा ईमेल वाचायची असेल तर त्यासाठी जजसमोर जावं लागत नाही. आदेश गृहखात्यातून निघतो, त्यावर सही गृहसचिवांची असते, आणि तो आदेश योग्य होता का हे नंतर तपासणारी समितीही सचिवांचीच असते. ज्याच्यावर पाळत होती त्याला यातलं काहीही कळवलं जात नाही, पाळत चालू असताना तर नाहीच पण संपल्यावरही नाही, आणि तो माणूस पूर्ण निर्दोष निघाला तरी नाही. हे कोणालाही सांगितलं की पहिली प्रतिक्रिया येते ती म्हणजे असं कसं, कोर्टाचं वॉरंट लागतं ना? पिक्चर आणि वेबसिरीज बघून ते आपल्या डोक्यात बसलंय. त्यातल्या बऱ्याच अमेरिकन असतात आणि तिकडे खरंच लागतं. आपल्याकडे लागत नाही.

आता घराची झडती कशी होते ते बघा. पोलिसांना घरात शिरायचं तर साधारणपणे मॅजिस्ट्रेटचं सर्च वॉरंट लागतं. तपासात घाई असेल तर वॉरंटशिवाय झडतीची मुभा आहे, पण तेव्हाही अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची आणि ते कागद मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर त्याला ४८ तासांची मुदत आहे. परिसरातले पंच बोलवायचे, काय काय उचललं त्याची यादी करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, घरात राहणाऱ्याला यादीची प्रत द्यायची, आणि १ जुलै २०२४ पासून ह्या सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पण करायचं. मुख्य म्हणजे तुम्ही तिथे उभे असता. काय चाललंय ते तुम्हाला दिसतं, पंचनाम्यात खोटं लिहिलं असेल तर कोर्टात तुम्ही ते सांगू शकता, वकील करू शकता. एका कपाटाच्या झडतीसाठी कायद्याने इतकी काळजी घेतलीये, आणि सहा सहा महिने माणसाचं बायकोशी, डॉक्टरशी, वकिलाशी चाललेलं बोलणं ऐकायचं तर ना पंच ना मॅजिस्ट्रेट ना प्रत.

माझं म्हणणं असं आहे की यातली सगळ्यात मोठी खोट ती शेवटची आहे, न कळवण्याची. जज नसणं वाईट आहेच, त्यावर पुढे लिहितेच, पण आपल्याकडे या विषयावरचा कायदा ज्या ज्या खटल्यांमधून घडला ते खटले एकेक करून वाचले की एक गोष्ट सारखी समोर येते. ती म्हणजे दरवेळी माणसाला पाळतीबद्दल कळलं ते अपघाताने. कागद फुटला म्हणून, पेपरात आलं म्हणून, नाहीतर आरोपपत्रात टेपचा उल्लेख आला म्हणून. कायद्याने कोणी कळवलं असं एकदाही नाही.

सुरुवातीपासून बघू. मूळ कायदा १८८५ चा, इंडियन टेलिग्राफ ॲक्ट, त्यातलं कलम ५ चं पोटकलम २. त्यात अट अशी की आधी सार्वजनिक आणीबाणीची परिस्थिती असली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असला पाहिजे, आणि त्याच्या पुढे जाऊन देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं यापैकी एखादं कारण असलं पाहिजे, तरच संदेश अडवता येईल. वाचायला कडक वाटतं. पण हा अधिकार कसा वापरायचा, कोणी वापरायचा, किती दिवस, नोंद काय ठेवायची याचे नियमच शंभरहून जास्त वर्षं केले गेले नाहीत, आणि याचा वापर राजकारणासाठी सर्रास व्हायला लागला. १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडेंना फोन टॅपिंगच्या प्रकरणात कर्नाटकचं मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. मग १९९१ मध्ये राजकारण्यांचे फोन टॅप करण्याबद्दलचा सीबीआयचा एक अहवाल 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात छापून आला आणि त्यावरून पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने सुप्रीम कोर्टात याचिका केली. म्हणजे तो अहवाल बाहेर आला नसता तर खटला नसता, आणि खटला नसता तर नियमही नसते.

त्या खटल्याचा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांचा. फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे आणि खासगीपणा राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात येतो हे कोर्टाने स्वच्छ सांगितलं आणि सरकार नियम करत नाही तोवर पाळायच्या अटी घालून दिल्या. आदेश फक्त गृहसचिवांनी काढायचा, त्याची मुदत दोन महिने, वाढवून वाढवून जास्तीत जास्त सहा महिने, आणि दोन महिन्यांत समितीने तपासायचं. पीयूसीएलच्या वतीने राजिंदर सच्चर यांनी मागितलं होतं की आदेशाआधी न्यायालयीन तपासणी हवी. कोर्टाने ते नाकारलं, कारण काय तर मूळ कायद्यात तशी तरतूदच नाही. त्या निकालात ब्रिटनच्या १९८५ च्या कायद्याचा बराच आधार घेतलाय, तिथेही तेव्हा मंत्रीच आदेश काढायचे. पण ब्रिटनने २०१६ मध्ये नवा कायदा केला आणि मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्तानेही मंजुरी दिली पाहिजे अशी दुहेरी अट आणली. ज्यांच्याकडून आपण घेतलं ते पुढे गेले आणि आपण १९९६ लाच थांबलो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८६ मध्ये संसदेने पोस्टाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मंजूर केलं होतं, लोकांची पत्रं अडवायचे भरपूर अधिकार सरकारला देणारं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, तसंच ठेवलं, आणि ते बिल कधीच कायदा झालं नाही. पत्रं वाचण्याच्या अधिकारावर या देशाचा राष्ट्रपती एकेकाळी अडून बसला होता हे आज कोणाला आठवतही नाही. २०२३ मध्ये नवा पोस्ट ऑफिस ॲक्ट आला, त्यात पत्रं अडवायचा अधिकार पुन्हा आला आणि फारशी चर्चाही झाली नाही.

तर १९९६ च्या अटी २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांत ४१९ अ म्हणून आल्या. केंद्रात तपासणी समितीचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचं आणि प्रत्येक आदेश कायद्याप्रमाणे आहे का ते बघायचं. कागदावर ठीक आहे. आता आकडा घ्या. माहिती अधिकारात गृहमंत्रालयाने २०१३ मध्ये दिलेल्या उत्तरानुसार एकटं केंद्र सरकार महिन्याला साधारण ७,५०० ते ९,००० फोनचे आदेश काढत होतं आणि ईमेलचे ३०० ते ५००. दोन महिन्यांचे झाले १५,००० ते १८,०००. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हाच हिशोब मांडून म्हटलंय की तपासणी समितीला एका बैठकीत इतके आदेश तपासायचे असतात आणि हे वास्तवाला धरून नाही. मी फक्त पुढची आकडेमोड करून बघितली. प्रत्येक आदेशाला एक मिनिट दिलं, म्हणजे नाव वाचलं, नंबर बघितला, कारणाची एक ओळ वाचली आणि पुढचा, तर १५,००० आदेशांना २५० तास लागतात. रोज आठ तास बसले तर एकतीस दिवस. कोण बसणार आहे? देशाचा कॅबिनेट सचिव, ज्याच्याकडे सगळ्या मंत्रालयांचा समन्वय आहे. मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाहीये, कितीही प्रामाणिक माणूस त्या खुर्चीत बसवा, हे काम होऊच शकत नाही. आणि ते होत नाही हे कळायलाही मार्ग नाही कारण ज्याचा आदेश आहे त्याला आदेशच माहीत नाही.

मग इंटरनेट आलं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, पण त्याचं कलम ६९ आज जसं आहे तसं २००८ च्या दुरुस्तीनंतरचं, २००९ मध्ये लागू झालेलं. ईमेल, चॅट, सर्व्हरवर पडलेला डेटा, कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं काहीही याखाली येतं. टेलिग्राफ कायद्यातली कारणं इथे आली, पण ती पहिली मोठी अट, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, ती इथे नाही. वर एक नवं कारण घातलंय, कुठल्याही गुन्ह्याचा तपास. कुठल्याही म्हणजे कुठल्याही, दहशतवादाचाच असं नाही. कंपनीने किंवा व्यक्तीने डेटा उघडून द्यायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. २० डिसेंबर २०१८ ला गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून दहा यंत्रणांची नावं जाहीर केली, आयबी, सीबीआय, ईडी, एनआयए, रॉ, दिल्लीचे पोलीस आयुक्त वगैरे, आणि त्यात प्राप्तिकर खात्याचं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळही आहे. सरकारचं म्हणणं की यात नवा अधिकार काही दिलेला नाही, प्रत्येक वेळी गृहसचिवांची मंजुरी लागणारच. ते खरं आहे. पण मंजुरी कोणाची हाच तर मुद्दा आहे.

ती गाळलेली अट किती महत्त्वाची होती हे मुंबई हायकोर्टाच्या एका निकालात दिसतं, २२ ऑक्टोबर २०१९ चा, न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार. एका उद्योजकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता, सीबीआयचा तपास, आणि त्याचा फोन टॅप करायचे तीन आदेश गृहमंत्रालयाने काढलेले. हायकोर्टाने विचारलं की यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कुठे आहे? लाचखोरी गंभीर आहे पण ती या दोन्हींत बसत नाही. तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ जजेसच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं त्याचा प्रत्यक्ष एका माणसाला झालेला उपयोग यात दिसतो. पण त्या उद्योजकाला आपला फोन टॅप झाला हे कळलं कसं? तर खटला भरला गेला आणि सीबीआयने टेप पुरावा म्हणून आणल्या. टेपमध्ये काही सापडलं नसतं, खटला भरलाच गेला नसता, तर ते तीन बेकायदा आदेश आजही फायलीत वैध म्हणून पडून असते. किंबहुना पडूनही नसते, कारण नियमांप्रमाणे असे आदेश आणि रेकॉर्ड दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे असतात, पुढे लागणार असतील ते सोडून. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध काहीच सापडलं नाही त्यांचा कागद सगळ्यात आधी जातो. आरोपीला न्याय मागायची संधी आहे, निर्दोषाला नाही. हे मला खरंच सहन होत नाही.

समाजवादी पक्षाचे नेते अमर सिंग यांचं प्रकरण असंच. २००५ च्या शेवटी त्यांचा फोन टॅप झाल्याचं उघड झालं, आणि आदेशच बनावट निघाला. टेलिकॉम कंपनीने तो खरा समजून टॅपिंग केलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये ते पत्र बघून म्हटलं की त्यात इतक्या ढोबळ चुका होत्या की कंपनीला शंका यायला हवी होती, पडताळणी करायला हवी होती. (याचिका मात्र फेटाळली, त्यांनी कोर्टापासून माहिती दडवली होती म्हणून, तो वेगळा विषय.) असे प्रकार टाळायला नियमांत एक व्यवस्था आहे जी फार लोकांना माहीत नाही. प्रत्येक टेलिकॉम कंपनीत नोडल अधिकारी, म्हणजे या कामासाठी ठरवलेले संपर्क अधिकारी, नेमलेले असतात. यंत्रणेचा नोडल अधिकारी लेखी आदेश घेऊन येतो, कंपनीने दोन तासांत पोच द्यायची, आणि दर पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस यादी करून यंत्रणेला पाठवतो की या पंधरवड्यात आम्हाला तुमच्याकडून एवढे आदेश आले, हे खरेच तुमचे आहेत ना ते कळवा. साधी यादी, पण सरकारच्या बाहेरचा एक माणूस तरी त्यात होता. मग सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीम आली, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने बनवलेली, जिचा जाहीर केलेला उद्देशच हा की कंपनीच्या माणसांचा हात न लागता ही प्रक्रिया आपोआप व्हावी. सरकारचं म्हणणं की त्यामुळे गुप्तता वाढते, कंपनीतून माहिती फुटत नाही, आणि ते काही चूक नाही. पण त्याच वेळी जो एक बाहेरचा साक्षीदार होता तोही गेला.

कॉलचं बोलणं सोडा, नुसत्या नोंदींचंही तेच. कोणी कोणाला किती वाजता फोन केला, किती मिनिटं, कुठल्या टॉवरवरून, इंटरनेटवर कुठल्या पत्त्याशी कनेक्शन झालं, हे रेकॉर्ड कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावं लागतं आणि ते मिळवणं टॅपिंगपेक्षा खूप सोपं आहे. समजा एका बाईच्या नोंदीत दिसलं की सकाळी पॅथॉलॉजी लॅबचा फोन, दुपारी कॅन्सरच्या डॉक्टरांना, संध्याकाळी बहिणीशी एक तास आणि दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सवाल्यांशी, तर एक शब्दही न ऐकता तिच्या घरात काय घडलंय ते ऑफिसात बसलेल्या माणसाला कळलं. नवऱ्याला सांगायच्या आधी.

व्हॉट्सॲप आणि सिग्नलवरचे मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात, असल्यामुळे वाटेत अडवून वाचता येत नाहीत, म्हणून जगभरातल्या सरकारांनी सरळ फोनमध्येच शिरायला सुरुवात केली. एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीचं पेगासस हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. फोनमध्ये ते शिरलं की एन्क्रिप्शनचा काही उपयोग उरत नाही, कारण मेसेज तुम्हाला जसा स्क्रीनवर दिसतो तसा त्यालाही दिसतो, माइक आणि कॅमेरा पण हातात येतो. टेलिग्राफ कायदा संदेश अडवण्याबद्दल बोलत होता, आयटी कायद्याचं कलम ६९ अडवणं, नजर ठेवणं आणि डिक्रिप्ट करणं याबद्दल बोलतं, पण माणसाच्या फोनमध्ये गुपचूप सॉफ्टवेअर घालण्याबद्दल कुठेच काही म्हटलेलं नाही, उलट परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा त्याच आयटी कायद्यात गुन्हा आहे. जुलै २०२१ मध्ये भारतातल्या लोकांच्या फोनवर पेगासस वापरल्याच्या बातम्या आल्यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पेगासस वापरलं की नाही यावर सरकारने सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायला नकार दिला, आणि कोर्टाने २७ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की सरकारला दरवेळी मोकळीक मिळणार नाही असंही कोर्टाने त्यात सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीश रमणा यांनी समितीचा निष्कर्ष कोर्टात सांगितला, २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर सापडलं पण ते पेगाससच होतं असं म्हणता येत नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. 

आणि लोकांना कळलं कसं, तर इथेही तेच. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने स्वतःहून जगभरातल्या साधारण १,४०० जणांना कळवलं की तुमच्यावर हल्ला झाला होता, त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते होते. २०२१ च्या बातम्या आल्या त्याही फोन नंबरांची एक यादी फुटली म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲपलने विरोधी पक्षाच्या नेत्यांना आणि पत्रकारांना इशारा पाठवला की कुठल्यातरी सरकारच्या पाठिंब्यावरचे हल्लेखोर तुमच्या आयफोनच्या मागे असू शकतात, कुठलं सरकार ते ॲपलने सांगितलं नाही. भारतीय नागरिकाला आपल्यावर पाळत असल्याची नोटीस मिळते ती कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून. कुंपणच शेत खातंय का हे विचारायचं तरी कोणाला, आणि उत्तर मिळणार कुठून.

जज आणले की सगळं सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत परदेशी हेरगिरीच्या प्रकरणांसाठी १९७८ पासून वेगळं गुप्त कोर्ट आहे, आणि जून २०१३ मध्ये तिथल्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदांतून जी पहिली बातमी आली ती त्याच कोर्टाच्या आदेशाची होती, एका टेलिकॉम कंपनीने कोट्यवधी ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला द्याव्यात असा. जजचीच सही होती त्यावर. बंद खोलीत एकाच बाजूचं ऐकून सही करायची सवय लागली की जजही सचिवासारखाच होतो. पण त्याच अमेरिकेत नेहमीच्या गुन्ह्यांच्या तपासासाठीचा १९६८ चा कायदा बघा, त्यात जजचं वॉरंट तर आहेच, वर टॅपिंग संपल्यावर ९० दिवसांच्या आत त्या माणसाला नोटीस द्यावी लागते की अमुक काळात तुझं बोलणं ऐकलं गेलं, जजने मुदत वाढवून दिली तरच उशीर. आणि अशा वॉरंटांची आकडेवारी दरवर्षी जाहीर होते. जर्मनीतही धोका टळल्यावर कळवायची पद्धत कित्येक वर्षांची आहे. यातल्या कुठल्याच देशाची तपासयंत्रणा त्यामुळे बंद पडलेली नाही.

मला सगळ्यात पटतं ते दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण. तिथे आधीपासूनच आदेश जज देत होता, म्हणजे आपण जे मागतोय ते त्यांच्याकडे होतंच. तरीही एका शोधपत्रकाराचा फोन टॅप झाला आणि त्याला ते कळलं कधी, तर काही वर्षांनी दुसऱ्याच एका खटल्याच्या कागदपत्रांत त्याच्या फोनवरच्या बोलण्याचा उतारा जोडलेला निघाला तेव्हा. पुन्हा अपघातच. त्याची संस्था, अमाभुंगाने, कोर्टात गेली, आणि ४ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या घटनात्मक कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, ज्याला कळतच नाही तो दाद कशी मागणार, आणि दादच मागता येत नसेल तर कायद्यातल्या बाकीच्या अटी यंत्रणा पाळतात की नाही हे बघणार कोण. संसदेला कायदा दुरुस्त करायला तीन वर्षं दिली, पण तोपर्यंत थांबा असं नाही म्हटलं, मधल्या काळासाठी कोर्टाने स्वतःच कलम घालून दिलं की पाळत संपल्यावर ९० दिवसांत कळवायचं.

आपल्याकडे यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे २६/११. हल्ला चालू असताना अतिरेक्यांचे त्यांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले, पुढे कसाबच्या खटल्यात ते संभाषण महत्त्वाचा पुरावा ठरलं. अगदी बरोबर, आणि ते ऐकायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. पण तशा वेळेसाठी कायद्यात तातडीची सोय आहेच, यंत्रणेचा वरिष्ठ अधिकारी लेखी आदेशाची वाट न बघता सुरू करू शकतो आणि कामाच्या सात दिवसांत मंजुरी घ्यायची. ती सात दिवसांनंतरची मंजुरी जजने दिली तर कुठला हल्ला थांबवायचा राहणार आहे? आणि हल्ल्यानंतर दोन वर्षांनी एखाद्या भलत्याच माणसाला कळवलं की चौकशीत तुमचा नंबरही ऐकला गेला होता, काही निघालं नाही, तर देशाचं काय बिघडतं? जिथे बिघडत असेल तिथे जजने पुढची तारीख द्यावी.

ही सोय करायची सगळ्यात चांगली संधी २०२३ मध्ये होती. १८८५ चा कायदा काढून नवा टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट आणला, डिसेंबरमध्ये, विरोधी पक्षांचे शंभराहून जास्त खासदार निलंबित असताना दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्याच्या आधी सुप्रीम कोर्टाच्या खासगीपणावरच्या २०१७ च्या निकालाला सहा वर्षं झालेली होती. २०१८ च्या आधारच्या निकालात तर कोर्टाने राष्ट्रीय सुरक्षेसाठी आधारची माहिती उघड करायचं कलम नेमकं याच कारणावरून रद्द केलं होतं की एकटा सहसचिव पुरेसा नाही, आणखी वरचा अधिकारी हवा आणि सोबत शक्यतो हायकोर्टाचा जज हवा. हे सगळं समोर असूनही नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये जुनं कलम ५ जवळजवळ तसंच्या तसं उतरवलंय आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नियमांतही सही गृहसचिवांची, तपासणी कॅबिनेट सचिवांची, आणि कळवणं कोणालाच नाही. डेटा संरक्षणाचा कायदाही २०२३ चाच, त्यात सरकार स्वतःच्या ज्या यंत्रणांची नावं अधिसूचित करेल त्यांना तो लागू नाही.

मला कोणी विचारलं की एकच दुरुस्ती करता येणार आहे, जज हवा की नोटीस, तर मी नोटीस मागेन. जज आला तरी त्याच्यासमोर एकच बाजू असेल, आणि महिन्याला आठ-नऊ हजार फायली त्याच्याही टेबलावर येतील. नोटीस आली की ज्याच्या हातात ती पडेल त्याला आपला स्वतःचा आदेश वाचायला वेळच वेळ आहे. महिन्याला काढलेल्या आदेशांपैकी शंभरातल्या दोघांनी जरी हायकोर्टात जाऊन विचारलं की माझ्या बाबतीत सार्वजनिक सुरक्षितता कुठे होती ते दाखवा, तरी पुढचा आदेश टाइप करताना कारणाच्या रकान्यात काय लिहायचं याचा विचार गृहखात्यात होईल. आत्ता तो रकाना दुसरं कोणी वाचतच नाही.